पाळी जाऊन तीन वर्षं झाली, रात्री अडीचला टक्क जाग येते, काय करू?

अबोली_नाशिक:
नमस्कार मैत्रिणींनो. वय 54. झोप लागते हो, आडवी झाले की लगेच, पण अडीच-तीनला टक्क जाग येते. कधी मान-गळा घामाने ओला, कधी काहीच नाही नुसती जाग, मग कूस बदल, उशी उलटी कर, मोबाईलवर किती वाजले बघ, एकदा बाथरूमला जाऊन ये, असं करता करता दूधवाल्याची बेल वाजते. सकाळी डोकं जड, ऑफिसात पेंगते. फॅमिली डॉक्टर म्हणाले या वयात होतंच, आणि झोपेची गोळी लिहून दिली (अल्प्राझोलम). जाऊबाई म्हणतात गोळी लागली की सुटत नाही. बीपीची गोळी आधीपासून आहे, वजनही वाढलंय. कुणाला कशाने फरक पडला?

खमंग_थालीपीठ:
सेम पिंच गं. जायफळाचं दूध झालं, काशाच्या वाटीने तळपाय घासून झाले. वाटीने बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण अडीचला अंगातून उसळणाऱ्या गरम वाफेपुढे वाटी काय करणार! मला दोन गोष्टींनी फरक पडला. पाचचा चहा बंद केला (कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात म्हणे) आणि नवऱ्याशी पांघरूण वेगळं केलं. त्याला पंखा दोनवर हवा, मला पाचवर, पंचवीस वर्षांचा संसार रेग्युलेटरवर मोडायची वेळ आली होती 😄

गायनॅक_ताई:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे निदान करणार नाही, पण "या वयात होतंच" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले म्हणून लिहिते. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की शरीराचा थर्मोस्टॅट हळवा होतो, जरा तापमान वाढलं की वाफ, घाम आणि जाग. ऑपरेशनमध्ये अंडाशयं काढली असतील तर हेच सगळं एकदम अंगावर येतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या 2019 मध्ये गाजल्या, त्यात कितीतरी तिशीतल्या होत्या, त्यांच्या झोपेचं कुणी विचारलं का?
वाफा फार असतील तर हार्मोन थेरपीबद्दल, म्हणजे कमी झालेलं हार्मोन औषधातून घेण्याबद्दल, विचारा. 2002 च्या अमेरिकन अभ्यासात या थेरपीचे धोके दिसले म्हणून सगळे घाबरले, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील आणि ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, हार्ट अटॅक, स्ट्रोक असं काही झालेलं नसेल तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. बीपी आहे म्हणून आपोआप नाही म्हणत नाहीत, पण ते आधी आटोक्यात हवं.
गोळीबद्दल जाऊबाई बरोबर आहेत. शिवाय रात्री गुंगीत बाथरूमला जाताना पडलात तर या वयात हाडं ठिसूळ, खुबाच मोडतो. रोज घेत असलात तर मनाने एकदम बंद मात्र करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करा. आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, ती रात्री घेता का, हेही विचारा.

सुमनमावशी_डोंबिवली:
माझं भलतंच निघालं. मलाही वाटायचं पाळी गेल्याने झालंय, पण घाम फारसा नव्हताच. सकाळी डोकं दुखायचं, बीपी दोन गोळ्यांवरही वरच, रात्री सारखी लघवी, ती शुगर म्हणून तपासली, शुगर नॉर्मल. मी घोरते हे कुणाला कळणार, आमचे हे माझ्या वरचढ घोरतात! शेवटी भाचीने झोपेची टेस्ट करायला लावली, घरीच होते, बोटाला क्लिप, नाकाला नळी, छातीला पट्टा. स्लीप ॲप्निया निघाला, झोपेत श्वास अडकत होता. श्वास अडकू नये म्हणून हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपते, हत्तीची सोंड म्हणतो नातू, पण लघवीला उठणं जवळजवळ थांबलं.

गायनॅक_ताई:
मावशी, बरं झालं लिहिलंत. प्रोजेस्टेरॉन हे बायकांचं दुसरं हार्मोन श्वासाला चालना देतं, ते गेलं आणि मानेभोवती-पोटावर चरबी आली की ॲप्निया वाढतो. बायका पुरुषांसारखं ढाराढूर घोरतीलच असं नाही, थकवा आणि झोपमोडीचीच तक्रार करतात, मग हातात पडते झोपेची गोळी, आणि काही गोळ्यांनी श्वास अजून मंदावतो. अबोलीताई, बीपी, वजन, सकाळचं जड डोकं, तुम्ही ही टेस्ट गोळी सुरू करायच्या आधी विचाराच.

अबोली_नाशिक:
बापरे, डोक्यातच आलं नव्हतं. गोळी अजून आणलेली नाही. आणि एक लिहायचं राहिलं, संध्याकाळी टीव्हीसमोर बसले की पाय वळवळतात, आतून कुणी ओढतंय असं, उठून चाललं की थांबतं. हिमोग्लोबिन 12 आहे, मग लोहाची कमतरता नसेल ना?

गायनॅक_ताई:
पाय असे वळवळण्यामागे लोह कमी असणं हे एक कारण असतं, आणि हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. तो साठा दाखवणारी फेरिटिन ही रक्ततपासणी करा, सोबत थायरॉइड. थायरॉइडची गोळी घेत असाल तर डोस जास्त झाला तरी धडधड, घाम, जाग होते. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी पाय जास्त वळवळतात, त्या टाळा. आणि तपासण्यांत सगळं ठीक आलं तर सीबीटी-आय म्हणून झोपेसाठी समुपदेशनाची पद्धत आहे, गोळीच्या आधी तीच सुचवतात. त्यात उठायची वेळ ठरलेली, रविवारीसुद्धा, आणि जाग आली की पलंगावर तळमळत न पडता बाहेर जाऊन मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं.

खमंग_थालीपीठ:
कंटाळवाणं हवं तर आमच्या सोसायटीच्या मीटिंगचे मिनिट्स पाठवते 😂 आणि अबोली, ते मोबाईलवर वाजले किती बघणं आधी सोड बाई, घड्याळ पाहिलं की उरलेल्या तासांचा हिशोबच सुरू होतो.