मदत हवी आहे: आईसाठी ल्युसिनची पावडर घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची, आम्ही कोथरूडला राहतो. डेंग्यूनंतर तिच्या मांड्या अगदी सुकल्यात. खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागतो, परवा तर देवघरासमोर बसली ती उठेचना. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, व्यायामासोबत ल्युसिन वाढवा.

थोडं वाचलं. ल्युसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, शरीर स्वतः बनवत नाही, खाण्यातूनच घ्यावं लागतं. स्नायूंच्या पेशीत ते एमटॉर नावाची कळ दाबतं आणि प्रथिनं बांधायचं काम सुरू होतं. उतारवयात ही कळ जड होते, म्हणून एका जेवणात साधारण अडीच-तीन ग्रॅम लागतं म्हणतात. आता आईचं ताट बघा: एक भाकरी, वाटीभर आमटी, ताक. अंडं घरात येत नाही. १०० ग्रॅम पनीरमध्ये पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मिळतं, पण ती दोन तुकड्यांवर हात आखडते!

गंमत म्हणजे ज्वारीत ल्युसिन भरपूर असतं. पण हैदराबादच्या डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्याचाच संबंध ज्वारी खाणाऱ्यांतल्या पेलाग्राशी (नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) जोडला होता (पुढे त्यावर वाद झाले). त्यामुळे नुसत्या ल्युसिनच्या डब्याची मला जरा धास्तीच वाटते.

तर, कुणी घरच्या ज्येष्ठांना व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतलं, ल्युसिन भरपूर असलेलं प्रथिन) दिलंय का? पचलं का? आईचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल आहे. डेक्कन-कोथरूड भागात वृद्धांचा आहार बघणारे चांगले आहारतज्ज्ञ असतील तर कृपया सुचवा. आणि हो, शाकाहारीच.