अनुभव धागा: प्रेक्षकांपायी कथा बदलली तेव्हा...

२००१ साली आम्ही इचलकरंजीला राहत होतो. रात्री साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' लागायची आणि शेजारच्या तिघी-चौघी आमच्याकडे येऊन बसायच्या. मालिकेचा नायक मिहीर गेला त्या रात्री टीव्ही बंद केला तरी कुणी उठेना. माझ्या आत्याचे यजमान ऐन तिशीत गेले होते. ती दुसऱ्या दिवशी जेवलीच नाही. आई समजावत होती, "अहो वन्सं, खोटं असतं ते." पुढे देशभर एवढा गहजब झाला की मिहीरला परत आणावं लागलं. तो आला तेव्हा आत्याने देवापुढे साखर ठेवली. मी बारावीत होते, मला भयंकर राग आला होता. गेलेलं माणूस परत येत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आज वाटतं, तिच्या वाट्याला तेवढं एकच परत आलं.

तुमच्या घरात, तुमच्या कामात, तुमच्या डोळ्यांदेखत असं काही घडलं असेल तर लिहा. मालिका असो की सिनेमा. फक्त 'लोकांना अक्कल नसते' एवढंच सांगायचं असेल तर कृपया नको.

मालिकांचा संवादलेखक, ठाणे

नऊ वर्षं हेच काम करतोय. गुरुवारी टीआरपी येतो, दुपारी चॅनलचा फोन, संध्याकाळपर्यंत कथेचा ट्रॅक बदललेला असतो. एपिसोडची बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, जेमतेम तीन-चार दिवसांची, त्यामुळे बदल लगेच पडद्यावर दिसतो.

एका मालिकेत आजी जाणार होती. सीन लिहून झाला होता. पहाटे ती नातसुनेला उठवते, हिंग कुठल्या डबीत, जुने तांदूळ कुठल्या डब्यात, कुलदेवतेचा नारळ कधी बदलायचा ते सांगते आणि पुन्हा आडवी होते. बस, एवढंच. प्रोमोत आजी आजारी दिसली आणि कमेंटचा पाऊस पडला. आजीला काही झालं तर मालिका बघणार नाही! चॅनल घाबरलं, आजी ठणठणीत झाली.

पण आजीचं काम करणाऱ्या बाई सत्तरी ओलांडलेल्या. गुडघ्यांमुळे मला आता मोकळं करा, अशी विनंती त्यांनीच केली होती. घोडबंदरच्या सेटवर बारा-बारा तासांची शिफ्ट. मी मेकअप रूममध्ये गेलो तेव्हा पाय गरम पाण्याच्या टबात सोडून बसल्या होत्या. "कधी सोडवतोयस रे मला?" म्हणाल्या. लोक नको म्हणतायत, असं सांगितलं तर त्यांचे डोळे भरून आले. कशाने, ते विचारायचा धीर झाला नाही. पुढे सात महिने त्या येत राहिल्या.

लोकांच्या प्रेमात मला खोट दिसत नाही. पण त्या बाईंचे गुडघे लोकांना दिसत नव्हते, आम्हाला दिसत होते. आम्ही बोलायला हवं होतं. तो सीन अजून माझ्या लॅपटॉपमध्ये आहे.

व्हीएफएक्स (संगणकावरची दृश्यं) कलाकार, मूळचा पुण्याचा, आता व्हँकूव्हर

व्हिडिओ गेममधल्या निळ्या सॉनिकवरच्या सिनेमाचा पहिला ट्रेलर २०१९च्या एप्रिलअखेरीस आला आणि सॉनिकचे माणसासारखे दात बघून जगभर ओरड झाली. दोनच दिवसांत दिग्दर्शकाने रूप बदलतो म्हणून जाहीर केलं. नोव्हेंबरचा सिनेमा फेब्रुवारी २०२०वर गेला. मी त्या सिनेमावर नव्हतो, पण या धंद्यात आहे म्हणून सांगतो: डोळे मोठे करायचे म्हटले की चेहऱ्याचा सांगाडा बदलतो, भुवई उचलली जाते ती जागा बदलते, अंगावरचे केस बदलतात, आणि ते पात्र असलेला प्रत्येक शॉट पुन्हा करावा लागतो. नवं रूप छान झालं, लोकांचं बरोबरच होतं. त्या जागलेल्या रात्रींचीही कुणीतरी आठवण ठेवावी, एवढंच.

लालबाग

१९८२. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालू, घरात पगार नाही. जुलैत बंगळूरला 'कुली'च्या मारामारीत अमिताभला लागलं आणि पुढे त्याला ब्रीच कँडीत आणलं. आमचा दादा आणि त्याचे दोस्त लालबागहून चालत जायचे, बसला पैसे कुठले? जाऊन नुसतं गेटबाहेर उभं राहायचं. मीही दोनदा गेलो, अकरा वर्षांचा होतो.

मूळ कथेत नायक शेवटी मरणार होता. मनमोहन देसाईंनी तो शेवट बदलला. ज्याच्यासाठी अख्ख्या देशाने नवस बोलले, त्याला पडद्यावर कसं मारणार? १९८३ला पिक्चर लागला. ज्या ठोशाने लागलं, तिथे चित्र थांबतं आणि अक्षरं येतात. शिट्ट्या मारणारं थिएटर एकदम गप्प. शेवटी तो वाचला तेव्हा दादाने माझं मनगट असं आवळून धरलं होतं की बोटांचे वळ उठले. संपात आमचं काहीच हाती लागलं नाही. पण त्या गेटबाहेर उभं राहिल्याचं फळ मिळालं, असं दादा मरेपर्यंत म्हणायचा.

नागपूर

वडिलांच्या बदलीमुळे १९८८ला आम्ही जालंधरला होतो. रामानंद सागरांचं 'रामायण' राज्याभिषेकावर थांबणार होतं. वाल्मिकी समाजाच्या सफाई कामगारांनी पुढची कथा दाखवा म्हणून संप पुकारला, कचऱ्याचे ढीग साचले. आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या बाईंनी आईला विचारलं, "जिन्होंने रामायण लिखी, उन्हीं का आश्रम नहीं दिखाएंगे?" आईकडे उत्तर नव्हतं. सरकारला नमावं लागलं आणि त्याच वर्षी पुढचे भाग सुरू झाले. चाहत्यांचा दबाव म्हटलं की लोकांना हॅशटॅग आठवतात. मला त्या बाई आठवतात. त्यांची मागणी हक्काची होती.

कोल्हापूर

'दिल दोस्ती दुनियादारी' संपली तेव्हा आम्ही हॉस्टेलच्या सहाजणी ढसाढसा रडलो होतो. परत आणा, परत आणा म्हणून जिथे लिहिता येईल तिथे लिहिलं. २०१७ला 'दिल दोस्ती दोबारा' आली. कलाकार तेच, पण पात्रं वेगळी, गोष्ट वेगळी. आधीच्या मालिकेतल्या दोस्तांचं घर, ते माजघर नव्हतं. पहिला भाग सहाजणींनी सहा गावांत बघितला आणि रात्री ग्रुपवर कुणीच काही लिहिलं नाही.