कोल्हापुरात भाड्यानं देण्यासाठी पहिलं घर: कर्ज काढून फ्लॅट घ्यावा का?

पायताण_नंबर_९: माझं मत सरळ आहे, घेऊ नये. समजा वन बीएचके ३५ लाखांना, भाडं १० हजार. मुद्रांक, नोंदणी, वकील, किरकोळ कामं धरली की घर ३८ लाखांना पडतं. वर्षाचं भाडं १ लाख २० हजार. त्यातनं मेंटेनन्स १८ हजार, घरफाळा ६ हजार, रंग-नळकाम १० हजार आणि एक महिना घर रिकामं, ते १० हजार. उरले ७६ हजार, म्हणजे जेमतेम २ टक्के. २८ लाखांचं कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता २४,३०० च्या घरात. भाडेकरू तुमचा हप्ता फेडतो म्हणणाऱ्या एजंटाला हा हिशेब दाखवा.

तांबडा_पांढरा: हिशेब बरोबर, माल चुकला. फ्लॅट कशाला? विद्यापीठ किंवा राजारामपुरीच्या बाजूला जुनं घर बघा, ज्याला वरच्या मजल्याला बाहेरनं जिना आहे. तीन खोल्या, प्रत्येकी तीन कॉट, कॉटला २,५०० म्हटलं तरी महिना २२,५००. वर्षाचे १० महिनेच धरा, परीक्षा झाली की पोरं गावाला जातात. नऊ जणांना निदान दोन संडास-बाथरूम आणि २,००० लिटरची टाकी हवी. वीज भाड्यात धरू नका. एकाच मीटरवर सगळे आले की युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि चढा दर मालकाच्या माथी बसतो. सबमीटर लावा.

पायताण_नंबर_९: ही गुंतवणूक नव्हे भावा, हे वसतिगृह चालवणं झालं. तुंबलेला पाईप रविवारी रात्री कोण काढणार? शिवाय जुन्या घराची किंमत म्हणजे मुख्यतः जागेची किंमत. वरचा मजला मंजूर नकाशात नसेल तर बँक कर्जासाठी तो धरत नाही. प्रॉपर्टी कार्डावर (जागेचा सरकारी मालकी-उतारा) नावं किती, वाटणीपत्र झालंय का, गुंठेवारी (जमिनीचे गुंठ्यांत पाडलेले तुकडे) नियमित आहे का, हे सगळं तपासा आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा वकिलाचा अहवाल, काढा.

जयंती_नाला: दोघंही पाणी विसरलात. रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग, शाहूपुरी कुंभार गल्ली इथं घर स्वस्त दिसलं की आधी २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं ते शेजाऱ्यांना विचारा. महापालिकेत नकाशावर निळी आणि लाल पूररेषा बघा. ‘आपला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे की’ हे उत्तर चालत नाही. मीटरपेट्या, पाण्याची मोटर आणि लिफ्टचा खड्डा खालीच असतो. ते बुडलं की वरचा भाडेकरूही जातो, आणि दुरुस्तीची वर्गणी सगळ्यांना.

तांबडा_पांढरा: हे मान्य. पण मग नवीन फ्लॅटच घ्यायचा तर भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पुरं झाल्याचा, राहायला परवानगीचा दाखला) मिळालेला घ्या, त्यावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेल्यावर ५ टक्के; कोल्हापूर महानगरात मोडत नाही, त्यामुळे ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंत आणि ४५ लाखांच्या आत असेल तर १ टक्का. हा कर परत मिळत नाही, म्हणजे तो खर्चच.

नोटरी_नको: करारावर कोणीच बोलेना, आणि नवखे तिथंच फसतात. स्टँप पेपरवर नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध करणं तुमच्याकडे. खर्च तरी किती? ११ महिने, १० हजार भाडं, ३० हजार परत द्यायची अनामत, तर ०.२५ टक्क्यांनी मुद्रांक तीनशेच्या आत, शहरात नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइनचा किरकोळ आकार. मुदत संपूनही माणूस हलेना, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. कॉटवाल्यांचाही करार करा, पोलीस ठाण्यात माहिती द्या.

पायताण_नंबर_९: करबचतीसाठी घेणाऱ्यांनी एवढंच बघावं: घरफाळा वजा करून राहिलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, व्याजही वजा होतं. पण नव्या करप्रणालीत उरलेला तोटा पगारातनं वळता होत नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याजच २ लाख ३६ हजारांच्या आसपास जातं.

तांबडा_पांढरा: म्हणून तर म्हणतोय, कर्ज किमतीच्या निम्म्याच्या आत ठेवा आणि जिना बाहेरनं बघा.