दवाखान्याबाहेरची खिचडी की रुग्णासोबत माणूस? चर्चच्या मंडळीचा गरीब फंड कुठे लावावा?

शरणपूर_रोडकर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. नाशिकमध्ये मंडळीचा गरीब फंड म्हटला की दोनच गोष्टी पुढे येतात. आठवड्यातून एकदा सरकारी रुग्णालयाबाहेर नातेवाइकांना खिचडी आणि नाताळच्या आठवड्यात ब्लँकेट. माझं मत असं की खिचडी बंद करावी आणि तोच पैसा रुग्णासोबत राहणाऱ्या स्वयंसेवकांवर लावावा.

शंभर माणसांच्या खिचडीला तांदूळ, डाळ, तेल, भाजी, गॅस आणि टेम्पो धरून सुमारे 2000 रुपये लागतात, म्हणजे महिन्याला 8000. आता पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून आलेलं कुटुंब बघा. माणूस रात्री अॅडमिट होतो. मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं. आधार खिशात असतं, रेशनकार्ड घरच्या पेटीत. कार्डावर नाव ‘काशिनाथ’, आधारवर ‘काशीराम’. योजनेच्या कक्षात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो, पण त्याच्याकडे जायचं हेच यांना माहीत नसतं. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते. कुटुंब उशिरा पोचतं, तोवर बाहेरची तपासणी आणि औषधं उसनवारीवर झालेली असतात.

इथे एक जाणता माणूस दोन तास हवा. गावी फोन करून कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवायचा, मूळ कार्ड दुसऱ्या दिवशीच्या एसटीने येणाऱ्या नातेवाइकाबरोबर आणायला सांगायचं, नावातला फरक आरोग्यमित्राला आपणहून दाखवायचा आणि त्यासाठी कोणता कागद चालेल ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं. बायबलमध्ये लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी प्रवासी वाटेत लुटलेल्या माणसाच्या जखमांवर तेल-द्राक्षारस ओतून निघून गेला नाही. स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाला तर परत आल्यावर देईन म्हणाला. आपण तेलावरच थांबतो.

महिला_मंडळ_नाशिकरोड

दादा, तुमचा सोबतीचा मुद्दा मान्य, खिचडी बंद करण्याचा अजिबात नाही. रुग्णाला वॉर्डात जेवण मिळतं, पण जिन्याखाली झोपणारी बायको चार-चार दिवस चहा-बिस्किटावर असते. तिची मजुरी बुडालेली असते आणि द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या दिवसांत तर घरचं कमावणारं दुसरं माणूसही दिंडोरी-निफाडच्या बागेत अडकलेलं असतं. उपाशी बाईला तुम्ही कागद समजावणार का? याकोबाच्या पत्रात नेमकं हेच विचारलंय: “ऊब घ्या, तृप्त व्हा” म्हणायचं आणि शरीराला लागतं ते द्यायचं नाही, याचा काय उपयोग?

अडचणीतलं माणूस सापडतंही त्याच रांगेत. वॉर्डात फिरून ‘तुम्हाला मदत हवी का’ विचारलं तर लोक मान हलवतात. ताट हातात घेतल्यावर मात्र सांगतात की डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढायला बाहेर पाठवलंय.

खिचडी नीट करावी, एवढं नक्की म्हणेन. शंभर जणांना 7 किलो तांदूळ, 3 किलो मूगडाळ, 30 ते 35 लिटर पाणी, एक लिटर तेल, पाव किलोच्या आसपास मीठ. तिखट कमी, कारण पंगतीत लहान मुलं असतात. चूक होते ती पॅकिंगमध्ये. सकाळी सातला शिजवायची, गरम गरम प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायची आणि अकराला वाटायची. तांदळात अशा जिवाणूंचे बीजाणू असतात जे शिजवूनही मरत नाहीत. अन्न 60 अंशांच्या खाली तासन् तास कोमट राहिलं की ते वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून पातेलं झाकून, गोणपाटात गुंडाळून न्यावं, तिथेच ताटात वाढावं, शिजल्यापासून दोन तासांत संपवावं. उरलेलं संध्याकाळसाठी ठेवू नये.

वॉर्ड_नंबर_७

दोघांनीही एक धोका लिहिला नाही. नातेवाईक ते ताट वॉर्डात नेतात. सकाळी ऑपरेशन असलेल्या रुग्णाला उपाशी ठेवलेलं असतं. त्याने दोन घास खाल्ले की भूल देता येत नाही आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण यांचा आहारही ठरलेला असतो. वाढणाऱ्याने प्रत्येकाला एवढं तरी सांगावं: हे तुमच्यासाठी, पेशंटला द्यायचं तर आधी सिस्टरला विचारा. पिशवी न देता तिथेच बसवून वाढलं तर हा प्रश्न निम्मा सुटतो.

पंचवटीचा_वाचक

मी ख्रिस्ती नाही, पण दवाखान्याबाहेर हे काम बघतो आणि त्याबद्दल आदर आहे. एक गोष्ट खटकते. काही गट ताट देण्याआधी सगळ्यांना उभं करून प्रार्थना घेतात, ताटाबरोबर पत्रक देतात. भुकेला माणूस नाही कसं म्हणेल? शिवाय जेवणाऱ्यांचे फोटो काढून लगेच ग्रुपवर टाकतात. हे बंद व्हायला हवं.

डीकन_सातपूर

पंचवटीकर, फोटोबद्दल पूर्ण सहमत. मत्तयच्या सहाव्या अध्यायात दानाचं डाव्या हातालाही कळू नये असं प्रभूने सांगितलंय. पातेल्याचा आणि बिलाचा फोटो काढा, माणसाचा नको.

प्रार्थनेबद्दल मात्र अर्धं सहमत. रांगेत प्रार्थना नको, पत्रक नको, हे बरोबरच. पण रात्री अकराला अतिदक्षता विभागाबाहेर बसलेली आई स्वतःहून ‘माझ्या लेकरासाठी देवाला सांगा’ म्हणते, तेव्हा मी गप्प बसणार नाही. ते माझ्या विश्वासाच्या विरुद्ध होईल. आमच्याकडे नियम लिहून ठेवलाय: मदत आधी पूर्ण द्यायची, प्रार्थना फक्त मागितली तर, तीही बाजूला, हळू आवाजात. कुणी मागितली आणि कुणी नाही याची नोंद ठेवायची नाही, म्हणजे पुढच्या मदतीवर तिचा परिणाम होणार नाही.

आता मूळ धाग्याकडे. नाशिकचं शरणपूर 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं. तिथे अनाथ आणि गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नुसतं अन्न मिळालं नाही, सुतारकाम-लोहारकामही शिकवलं गेलं. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी लिव्हिंग्स्टन, त्याच्या शेवटच्या प्रवासात त्याच्याबरोबर असलेला जेकब वेनराइट नाशिकलाच शिकलेला. त्यामुळे लांबची सोबत ही या शहरात नवी कल्पना नाही.

जुनी_पास्टोरेट

शरणपूरचा दाखला इथे लागू होत नाही. ती मुलं मिशनच्या आवारात राहत होती, पैसा आणि माणसं परदेशातून येत होती. अशा व्यवस्थेत मिशन सगळं करेल ही सवयही लागली आणि ती मोडायला मंडळ्यांना फार वेळ गेला. आज रविवारच्या अर्पणातून आणि हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावातून जमेल तेवढंच आपल्या हातात आहे. खिचडीचा खर्च आधी कळतो. ‘सोबत’ म्हटलं की एका कुटुंबाला सिटी स्कॅन, दुसऱ्याला रक्त, तिसऱ्याला गाडीभाडं, आणि मग चर्चच्या पाळकसाहेबांच्या ओळखीवर पैसा जातो. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायातली कुरकुर अशीच होती: काही विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. म्हणून सात माणसं निवडली गेली.

तेव्हा आधी मर्यादा ठरवा. कुठल्याही कुटुंबाला रोख रक्कम द्यायची नाही, बिल थेट दुकानात किंवा लॅबमध्ये भरायचं. मंजुरीला तिघांपैकी दोघांच्या सह्या हव्यात आणि त्यात पाळक नकोत. आणि 2000 रुपयांवरची देणगी रोख घेतली तर दात्याला आयकरातली देणगीची सवलत मिळत नाही, म्हणून ती चेकने किंवा ऑनलाइनच घ्या.

ब्लँकेटबद्दल जाता जाता: निफाडकडची थंडी नोव्हेंबरातच लागते. 25 डिसेंबरची वाट बघण्यात अर्धा हिवाळा जातो.

शरणपूर_रोडकर

रोख न देण्याची अट मान्य, आणि सह्यांची पद्धतही. रांगेतच माणूस सापडतो हा ताईंचा मुद्दाही मी कमी धरला होता. पण मूळ म्हणण्यापासून मी हटत नाही, कारण आपण सगळे दवाखान्याच्या दारापर्यंतच बोलतोय. डिस्चार्जनंतर काय?

टीबीचंच घ्या. साध्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सोडतो. तिथून औषधांना न जुमानणारा टीबी होण्याचा धोका वाढतो. टीबी रुग्णाच्या आहारासाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेची रक्कम महिन्याला 1000 रुपयांच्या हिशेबाने थेट खात्यात येते, पण आधारमार्फत पैसे येतात तेव्हा ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. बऱ्याच जणांचं ते खातं दुसऱ्याच बँकेत, कधीतरी उघडलेलं. लोक समजतात पैसे आलेच नाहीत. बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय एवढं विचारलं तरी प्रश्न सुटतो.

टीबी रुग्णांना शिधा पुरवणारा ‘निक्षय मित्र’ म्हणून मंडळी नोंदणी करू शकते. प्रौढ रुग्णाच्या महिन्याच्या शिध्यात 3 किलो धान्य, दीड किलो डाळ, 250 ग्रॅम तेल आणि एक किलो शेंगदाणे किंवा दूध पावडर असते. खिचडीच्या 8000 मध्ये दहा रुग्णांचा शिधा सहज बसतो, आणि शिधा न्यायच्या निमित्ताने दर महिन्याला गोळ्यांची पाकिटंही मोजली जातात.

महिला_मंडळ_नाशिकरोड

शिध्याला आमचा पाठिंबा आहे, पण सहा महिने घरी कोण जाणार? रविवारी वीस हात येतात, मंगळवारी दोनही नाहीत. तुमच्या मंडळीतून निवृत्त झालेली चार माणसं आणि कॉलेजची चार मुलं आठवड्यातले ठरलेले वार लिहून देऊ दे. ती यादी तीन महिने न तुटता चालली तर आम्ही खिचडीचे दोन बुधवार सोडू. तोवर बुधवारी बाराला पातेलं तिथे असणार.