जुन्या चार फुटी टी५ लाइटची एक ट्यूब लागत नाही: चोक बदलावा की एलईडी बसवावी?

मासोळी

वापरलेला फिशटँक लाइट आहे. ५४ वॅट टी५ एचओच्या (म्हणजे जास्त प्रकाश देणाऱ्या) दोन ट्यूब, दोन्हींना मिळून एकच इलेक्ट्रॉनिक चोक, वर अॅल्युमिनियमचा पत्रा, खाली अॅक्रिलिकचं झाकण. टाकी १२० × ४५ × ४५ सेंमी, जिवंत वनस्पतींची. एक ट्यूब नीट लागते. दुसरीची फक्त टोकं नारिंगी होतात आणि मधूनच चिरचिर आवाज येतो. त्या बाजूच्या होल्डरमधल्या पट्ट्या हिरव्या पडल्यात, एका होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी झालंय. सुरुवात कुठून करू?

पाणकणीस

होल्डरपासून. हिरवा थर म्हणजे ओलाव्याने गंजलेलं तांबं-पितळ. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पट्ट्या पुसा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा, पूर्ण वाळू द्या आणि चिमट्याने किंचित आत दाबून घ्या, म्हणजे पिनला घट्ट बसतील. ट्यूबच्या पिनाही बारीक पॉलिश पेपरने घासा. अॅक्रिलिकवर चढलेला क्षारसुद्धा व्हिनेगरनेच निघतो, पण त्याला स्पिरिट किंवा थिनर अजिबात लावू नका, बारीक भेगा पडतात.

फेजतार

हिरव्या होल्डरपुरतं ठीक, तपकिरी होल्डर मात्र पुसून वाचत नाही. चिरचिर म्हणजे पिन आणि पट्टीमध्ये ठिणगी उडतेय. त्या उष्णतेने प्लॅस्टिक जळून कोळसा होतो आणि कोळशातून वीज वाहते. वरून कितीही स्वच्छ केलं तरी आतला काळा माग तसाच राहतो. त्या बाजूचे दोन्ही होल्डर नवे घाला. टी५ ला जी५ होल्डर लागतो, टी८ चा जी१३ बसत नाही. मिळाले तर रबरी टोपीचे, पाणी आत न जाऊ देणारे घ्या.

आधी प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. मग दहा मिनिटं थांबा. चोकमधल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) ३०० व्होल्टच्या वर दाब उरलेला असू शकतो. वायर होल्डरमध्ये नुसती खुपसलेली असते, ती हलकेच डावी-उजवीकडे फिरवत ओढली की सुटते. टोक काळं असेल तर सेंटिमीटरभर कापा, तांबं लख्ख दिसलं पाहिजे. साधारण ८ ते ९ मिमी सोलून नव्या होल्डरमध्ये ढकला. वायर आखूड पडली तर मनाने जोड देऊन लांबवू नका. चोकमधून ट्यूबकडे उच्च वारंवारतेचा प्रवाह जातो, आणि वायर किती लांब चालेल याची मर्यादा चोकच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात दिलेली असते.

होल्डर बदलल्यावर दोन्ही ट्यूबची अदलाबदल करा. बंद ट्यूब दुसऱ्या बाजूलाही लागली नाही तर ट्यूब संपली. दोन्ही टोकं नारिंगी होतात म्हणजे फिलामेंट तुटलेलं नाही, पण त्यावरचा लेप उडाला असेल तर ट्यूब पेट घेत नाही. ट्यूब कोणतीही लावली आणि तीच बाजू मेलेली राहिली, तर चोक.

अजून एक: प्लगच्या अर्थ पिनपासून पत्र्यापर्यंत मल्टिमीटर लावा. एक ओहमच्या आत दाखवायला हवं.

मासोळी

दोन्ही होल्डर नवे घातले. अदलाबदल करूनही तीच बाजू बंद, दोन्ही ट्यूब दुसऱ्या बाजूला लागतात. अर्थ पिन ते पत्रा: काहीच जोड नाही. २ × २८ वॅटचा नवा चोक हाताशी आहे, ट्यूबची लांबी तीच, तो चालेल?

फेजतार

नाही. लांबी दोन्हींची ११४९ मिमीच, पण २८ वॅटची ट्यूब सुमारे १७० मिलीअँपिअरवर चालते आणि ५४ वॅटची ४६० वर. तो चोक तुमच्या ट्यूबला उपाशी ठेवेल. लागली तरी लुकलुकेल आणि टोकं लवकर काळी पडतील. २ × ५४ लिहिलेलाच चोक हवा.

आणि चोक असो वा नसो, अर्थिंग आधी. पाण्यावर टांगलेला धातूचा पत्रा अर्थशिवाय वापरायचाच नाही. सुटलेली हिरवी-पिवळी वायर शोधा, पत्र्यावरचा गंज खरवडून कड्याच्या टर्मिनलने आणि दातेरी वॉशरने स्क्रूखाली आवळा. लाइन ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) हवी. केबल प्लगच्या खाली लोंबत मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरूनच गळून पडेल.

शेवाळवैरी

चोकच गेला असेल तर माझं मत एलईडीच्या बाजूने. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून सामान्य प्रकाशाच्या टी५ ट्यूब नव्याने बाजारात आणता येत नाहीत, त्यामुळे ट्यूब मिळणं दिवसेंदिवस अवघडच होणार. पत्रा चांगला आहे, तो ठेवा. चोक आणि होल्डर काढून टाका.

२४ व्होल्टच्या, मीटरला १४.४ वॅटच्या, सिलिकॉनचं आवरण असलेल्या एलईडी पट्ट्या घ्या. १.१ मीटरच्या तीन पट्ट्या म्हणजे ४७.५ वॅट. ड्रायव्हर, म्हणजे पट्ट्यांना २४ व्होल्ट पुरवणारा डबा, ऐंशी टक्क्यांवर चालला पाहिजे, म्हणून ६० वॅटचा, आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा). तो टाकीच्या वर नको, बाजूला भिंतीवर. तिन्ही पट्ट्या समांतर जोडा. मागच्या गोंदावर विसंबू नका. उष्णता आणि वाफेने पट्टी सुटून थेट पाण्यात लोंबते. अॅल्युमिनियमच्या यू-पट्टीत बसवून ती पत्र्याला स्क्रूने आवळा.

कापलेली टोकं सीलबंद करताना सिलिकॉन न्यूट्रल हवा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतो आणि महिनाभरात डाखाचा सांधा हिरवा होतो. तुमच्या होल्डरला झालं तेच.

वॅटला १०० ल्युमेन (प्रकाशाचं माप) धरले तर यातून साडेचार हजारांच्या आसपास ल्युमेन मिळतील, म्हणजे लिटरमागे वीसेक. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन यांना पुरेसं. तळाला गालिच्यासारखी पसरणारी झाडं हवी असतील तर सहा पट्ट्या, १२० वॅटचा ड्रायव्हर आणि सोबत पाण्यात सोडायला सीओ२ (कार्बन डायऑक्साइड) ही लागेल. नवा लाइट पहिले दोन आठवडे रोज सहाच तास ठेवा. काचेवर शेवाळाचा हिरवा थर धरला नाही तर मग आठवर न्या.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, ती अखंडच ई-कचऱ्यात द्या. फुटलीच तर खिडकी उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, तुकडे जाड कागदाने गोळा करा आणि उरलेली भुकटी चिकटपट्टीने उचला. व्हॅक्यूम क्लीनर नको, तो पारा खोलीभर उडवतो.