मदत हवी आहे: भरतीच्या आधी टॅटू काढावा का?

तेरणाकाठ
नमस्कार. धाकटा भाऊ, वय 19, लातूरला भरतीची तयारी करायलाय. एसएससी जीडी (केंद्रीय दलांची शिपाई भरती), लष्कर आणि राज्य पोलीस असे तिन्ही फॉर्म भरणार आहे. त्याला उजव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळजाभवानी आणि खाली ‘आई’ असा टॅटू काढायचाय, 15 सेंमी लांब आणि 6 सेंमी रुंद. वडिलांचा साफ नकार आहे. आजी म्हणते, माझ्या हातावर तुळस गोंदलेलीच आहे की, त्यात काय एवढं. मित्र म्हणतात जत्रेत स्वस्तात होतं. काढू द्यावा का? द्यायचा तर कुठं आणि कधी?

बालाघाट
ताई, आधी हात बदला. एसएससी जीडी आणि केंद्रीय दलांच्या वैद्यकीय निकषांत कोपर ते मनगट या भागावर टॅटू चालतो, पण फक्त डाव्या हाताच्या आतल्या बाजूला. उजवा हात सलामीचा, म्हणून तो नको. पंजाच्या मागच्या बाजूलाही चालतो. धार्मिक चिन्ह आणि नाव यांना हरकत नाही.

दुसरी अडचण आकाराची. त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा टॅटू लहान हवा. हाताची आतली बाजू साधारण 25 सेंमी लांब, 8 सेंमी रुंद धरा, म्हणजे 200 चौ. सेंमी. त्याचा चौथा भाग 50. तुमचा 15 गुणिले 6 म्हणजे 90 झाला. मोजणाऱ्याशी वाद घालायची वेळच येऊ नये, म्हणून 8 गुणिले 3 च्या आत ठेवा. लष्करात आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागे परवानगी आहे, दंडावर किंवा छातीवर नाही. पोलिसांसाठी त्या वर्षीची जाहिरात वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

माझं मत विचाराल तर मेडिकल होईपर्यंत थांबावं. मुलगा दोन-दोन वर्षं पहाटे ग्राउंडवर घाम गाळतो आणि एका चित्रापायी बाहेर पडतो, हे फार वाईट वाटतं.

सुईदोरा
बालाघाट दादांचा नियमांचा मुद्दा बरोबर आहे, पण टॅटू म्हणजे वाईटच असं नको. योग्य जागी, योग्य आकाराचा आणि स्वच्छ सुईने काढलेला असेल तर आयुष्यभर छान राहतो. मात्र 8 गुणिले 3 मध्ये देवीचा चेहरा बसवू नका. शाई कातडीखाली वर्षानुवर्षं थोडी पसरते. डोळे, नथ, मुकुट अशा बारीक रेषा एकमेकींत मिसळून डाग दिसायला लागतो. दोन रेषांत निदान 2 मिमी मोकळी जागा हवी. त्या मापात फक्त ‘आई’ घ्या, अक्षर 2 सेंमी उंच. ‘ई’चं वळण आणि वरचा रफार यांच्यामधली पोकळी सगळ्यांत आधी भरते, ती मुद्दाम मोठी काढायला सांगा.

स्टेन्सिल, म्हणजे सुईआधी कातडीवर उमटवतात तो आराखडा, लावल्यावर हात खाली सोडून आरशात बघा. टेबलावर पालथा-उताणा केलेल्या हाताची कातडी पीळ खाते आणि सरळ वाटणारं अक्षर उभं राहिल्यावर तिरकं दिसतं. या टप्प्यावर पुसून दुसऱ्यांदा लावता येतं, सुई लागल्यावर नाही. सुई 1 ते 2 मिमीच जायला हवी. खोल गेली तर शाई चरबीत फाकते आणि अक्षराभोवती निळसर सावली पडते. ती मग जात नाही.

मांजराकाठ
आजींच्या काळातलं गोंदण आपलंच आहे, त्याचा मान आहे. पण जत्रेतल्या मशीनची भीती वाटते. एकच सुई, शाईची एकच वाटी, पुसायला एकच फडकं, आणि रांगेत दहा जण. हिपॅटायटिस बी आणि सी हे यकृताचे आजार रक्तातून पसरतात, त्यासाठी दिसेल इतकं रक्तही लागत नाही. सुई जंतुनाशकात बुडवली किंवा उकळली म्हणजे निर्जंतुक झाली असं नाही. वाफेच्या दाबाखाली 121 अंशांवर 15 मिनिटं लागतात. म्हणून सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, मुदत वाचा. शाई छोट्या नव्या टोपणात ओतलेली हवी, उरलेली परत बाटलीत जाता कामा नये.

हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ती आधी घ्या: पहिला डोस, मग 1 महिन्याने, मग 6 महिन्यांनी. सी आणि एचआयव्हीवर लस नाही. रक्तदान करणारा असेल तर टॅटूनंतर 12 महिने रक्त देता येत नाही. घरात कुणाला जखम भरल्यावर फुगीर वण उठत असेल, किंवा त्याला मधुमेह असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. लाल रंगाची ॲलर्जी जास्त आढळते, काळाच घ्या.

‘नंतर लेझरने काढू’ हा विचार धरून काढू नका. काळी शाईसुद्धा 6 ते 10 वेळा, दर 6 ते 8 आठवड्यांनी करावी लागते, आणि तरी फिकट छटा राहू शकते.

तेरणाकाठ
खूप आभार. मेडिकलनंतर काढायचं ठरलं तर मे महिन्यात चालेल का? जपायचं कसं?

सुईदोरा
मे नकोच, ताई. आपल्याकडे 42 अंशांचं ऊन, घाम आणि धूळ. दिवाळीनंतर ते जानेवारी चांगलं. वरची जखम 2 ते 4 आठवड्यांत भरते. प्लास्टिकचं वेष्टण 2-4 तासांत काढून कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवा. टॉवेलनं घासू नका, स्वच्छ कागदी रुमालानं टिपा. मलम इतकं पातळ की कातडी नुसती चमकावी. जाड थर दिला की खाली घाम साचतो आणि पुळ्या येतात. हळद, टूथपेस्ट, पावडर काहीही नको. 2-3 आठवडे विहिरीत पोहणं, दोर चढणं बंद. पुश-अप्स आणि गोळाफेकीत ती कातडी ताणली जाते, तेही निदान आठवडाभर टाळा. खपल्या सोलू नका. खपलीबरोबर शाई निघते आणि तिथं पांढरा ठिपका राहतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप चढला तर दवाखाना. टॅटूवाल्याला फोटो पाठवून थांबू नका.

बालाघाट
तोवर एक करता येईल. ‘आई’ पेननं डाव्या हातावर त्याच मापात लिहून आठवडाभर रोज गिरवायला सांगा, जागा आणि आकार दोन्ही तपासून होतील. काळी मेहंदी मात्र वापरू नका. त्यातल्या केसांच्या रंगाच्या रसायनाने कातडी भाजल्यासारखी होते, आणि मेडिकलच्या दिवशी तो व्रण दिसला तर त्याचीही विचारणा होईल.