हाइझमन आणि पुढची कारकीर्द

अनेकांना वाटतं की हाइझमन, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, मिळाली की एनएफएलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये) नाव पक्कं. पहिल्याच मानकऱ्याने ते खोटं ठरवलंय! १९३५ साली न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबने शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरला ट्रॉफी दिली, तेव्हा तिला हाइझमनचं नावही नव्हतं. पात्रताही फक्त मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या खेळाडूंना. क्लबचे क्रीडा संचालक जॉन हाइझमन १९३६ मध्ये वारले, मग त्यांचं नाव दिलं गेलं.

बरवँगर १९३६ च्या एनएफएलच्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्येही (संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या फेरीत) पहिलाच निवडला गेला, पण पैशांवरून बिनसलं आणि पठ्ठ्या एकही व्यावसायिक सामना खेळला नाही. ट्रॉफी मावशीकडे ठेवली, तर तिने ती दार उघडं राहावं म्हणून टेकू लावली! काखेत चेंडू, दुसरा हात पुढे ताणलेला तो ब्राँझचा गडी दार धरून उभा. विद्यापीठानेही १९३९ मध्ये फुटबॉल संघच बंद केला.

अर्नी डेव्हिसची गोष्ट मात्र चटका लावणारी. १९६१ चा विजेता, हा मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. ल्युकेमियाने १९६३ मध्ये गेला, एनएफएलचा एकही सामना न खेळता.